मदत हवी आहे: जन्मदाखला नसलेल्या मुलीचं शाळेत नाव घालायचंय

आम्ही चार-पाच जण नवी मुंबईत दिघ्याला नाका कामगारांच्या पोरांचा संध्याकाळचा वर्ग घेतो, रजिस्टर्ड संस्था वगैरे नाही. त्यातली एक मुलगी नऊ वर्षांची, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण आता बापाची हजेरी आणि उचल वहीत तीच लिहिते! जन्म परभणीकडे घरीच झालाय त्यामुळे दाखला नाही, आधार नाही, गावच्या रेशनकार्डात नावही नाही. शाळेत आरटीई (शिक्षण हक्क कायदा) 2009 चं कलम 14 दाखवलं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, तर म्हणे ऑनलाइन नोंदच होत नाही. आईबाप तयार आहेत पण गावी खेटे घालायचे म्हणजे रोजंदारी बुडते, उशिराची जन्मनोंदणी नंतर करूच. नवी मुंबईत कोणी फक्त पालकांच्या स्वयंघोषणापत्रावर प्रवेश करून घेतलाय का, आणि अर्ज केंद्रप्रमुखांकडे (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) द्यायचा की थेट महापालिकेच्या शिक्षण विभागात?