अनुभव धागा: रविवार, पान्हा आणि टपटपणारा नळ

पान्हा_पक्कड
रात्री मोरीतला नळ टपटपत होता आणि एकदम आजोबांचा पत्र्याचा डबा आठवला: चामड्याचे वॉशर, सुतळी, सफेद्याची डबी. घरच्या घरी होणारी कामं इथे लिहा. नळापासून सुरू करतो.

आधी गळतंय कुठून ते बघा. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडतो, तर वॉशर गेला. चालू असताना मुठीच्या बुडाशी पाणी येतं, तर ग्लँड (मुठीखालचा आवळायचा नट) ढिली. पाव फेरा आवळली की बहुतेक वेळा थांबतं. वॉशर बदलायचा तर मेन कॉक बंद करा, पाइपातलं पाणी सांडू द्या, मग पान्ह्याने स्पिंडल (मुठीला जोडलेला आतला दांडा) सोडवा. खालच्या टोकाला वॉशर दिसेल. नवीन घालूनही टपटप राहिली, तर आतल्या पितळी कडेवरून बोट फिरवा. खरखरीत लागली तर ती कडच घासून घ्यावी लागते, नाहीतर कितीही वॉशर बदला. आणि गळतो म्हणून नळ जीव खाऊन आवळू नका, त्यानेच रबर कापलं जातं.

कोथरूडकर_स
क्वार्टर टर्नच्या, म्हणजे पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळाला वॉशर नसतोच, सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज असतं. दात्यांची संख्या वेगवेगळी असते, फिरायची दिशाही, म्हणून जुनं हातात घेऊनच दुकानात जा. बोअरच्या पाण्याने क्षार बसले असतील तर तासभर व्हिनेगरमध्ये बुडवा. सुरीने खरवडायचं नाही, चकतीवर चरा पडला की संपलं.

अनघा७९
टेफ्लॉन टेप राहिली! आटे आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने, ताणून, 10-12 वेढे. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना सगळी गोळा होऊन बाहेर येते. तोटी सरळ करायला नळ मागे फिरवलात तर टेप नव्यानेच लावा. पोळ्या टाकायच्यात, येते परत.

विदर्भी_उन्हाळा
पंखा गुंगुं करतो, फिरत नाही, काठीने ढकलला की चालू होतो: कंडेन्सर (मोटर सुरू करून देणारा कपॅसिटर) गेला. साध्या छताच्या पंख्याला बहुतेक 2.5 मायक्रोफॅरडचा असतो, जुन्यावर छापलेलं वाचून तोच आणा. वेग वाढेल म्हणून 4 चा लावतात, त्याने वाइंडिंग (मोटरमधली गुंडाळलेली तार) तापतं. काम करताना नुसतं बटण नाही, एमसीबी (मेन बोर्डातला खटका) खाली पाडा. फिरवूनही जड वाटला तर बेअरिंग बघा, कंडेन्सरचा दोष नाही.

मुंबईची_मावशी
अनघा, इकडे मुलांनी खिळा ठोकून भिंतीला खिंडार पाडलंय 😄 शेल्फ लावायचंय, काय करू?

पान्हा_पक्कड
मावशी, स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक नको, तिथूनच वायर जाते. ड्रिलला 6 मिमीचं बिट, स्क्रूसाठी 6 चा प्लास्टिक प्लग, भोक किती खोल ते बिटवर चिकटपट्टीने खूण करा. भोकातली भुकटी फुंकून काढा, डोळे मिटून; ती राहिली तर प्लग अर्धाच जातो. भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची) असेल तर ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारा मोड, बंद ठेवा, भोक ढिलं होतं. आणि तिथे साधा प्लग उपटून येतो, लांब नायलॉनचा घ्या. टाइलवर आधी चिकटपट्टी, आणि टाइल पार होईपर्यंत हॅमर नाही.

अनघा७९
झाल्या पोळ्या. मावशी, खिंडारासाठी: 1 किलो पुट्टीला साधारण 350-400 मिली पाणी, पाण्यात पुट्टी टाकायची. कालवून 10 मिनिटं ठेवा, परत ढवळा. भोक ओलं करून थर पातळ द्या, जाड थराला चिरा जातात. खोल असेल तर आधी सिमेंट-वाळू भरा.

मुंबईची_मावशी
खोल आहे गं. अंगठा जातो.

अनघा७९
मग सिमेंटच. पुट्टी पुढच्या रविवारी.