मदत हवी आहे: तुर्कमेन चुवालची टोळी आणि काळ

उभाधागा
गालिच्यासारख्या गाठींच्या विणीचा लाल-तपकिरी तुकडा आहे, रुंदी 112 सेंमी, उंची 74. तीन ओळी, ओळीत तीन गुल (पुन्हा पुन्हा येणारी ठरावीक नक्षी), खाली झाडोऱ्याच्या नक्षीचा वेगळा पट्टा. मागची सपाट विणीची पाठ कापलेली, म्हणजे तंबूतल्या चुवाल पिशवीचं तोंड असणार. ताणा-बाणा लोकरीचा. 10 सेंमीत गाठी आडव्या 30, उभ्या 44. विकणारा 'बुखारा, दीडशे वर्षं' म्हणतोय. टोळी कोणती? आणि दीडशे खरे का?

लवकाप
बुखारा हे बाजाराचं नाव. माल त्या पेठेतून बाहेर जायचा. विणणाऱ्या तुर्कमेन टोळ्या म्हणजे तेके, योमुत, सारिक, सालोर, एर्सारी वगैरे. पाकिस्तानात विणल्या जाणाऱ्या 'बोखारा'त ताणा सहसा सुती असतो; तुमचा लोकरीचा आहे, म्हणून ती शंका बरीचशी मिटली.

गुलावरून टोळी ठरवू नका. तुर्कमेनिस्तानच्या झेंड्यावर पाच गुल बघून एक टोळी-एक गुल असं वाटतं खरं, पण चुवालगुल, म्हणजे या पिशव्यांवरचं गुल, जवळजवळ सगळ्यांनीच विणलंय. गाठ बघा. पुढच्या बाजूने आडव्या ओळीवर घडी घाला आणि भिंगातून लवेचं (गाठींतून वर आलेल्या धाग्यांचं) मूळ बघा. दोन ताण्यांवर आडवा गळपट्टा आणि त्याखालून दोन्ही शेंडे एकत्र बाहेर, तर गाठ सममित: योमुत किंवा सारिक. वेढा एकाच ताण्याला आणि दुसरा शेंडा वेगळा निघतोय, तर असममित: तेके, सालोर, एर्सारी. चार-पाच ठिकाणी तपासा, योमुतांत अपवाद सापडतात.

पांढरा रंग कापसाचा की लोकरीचा, तेही सांगा. सारिक पांढऱ्यासाठी बऱ्याचदा सूत वापरत.

मंजिष्ठा
काळासाठी रंग. ओल्या पांढऱ्या सुती फडक्याने प्रत्येक रंग मिनिटभर दाबा, घासू नका. मग लव फाकवून शेंडा आणि मूळ ताडून बघा, उन्हात, ट्यूबलाइटखाली नाही. कार्बन चाचणीवर पैसे घालवू नका. साधारण 1650 नंतरच्या वस्तूला ती एकाच नमुन्यासाठी दोन-तीन वेगवेगळे कालखंड देते.

उभाधागा
पाचही ठिकाणी गळपट्टा स्पष्ट. पांढरा लोकरीचाच. मुख्य लाल फडक्याला लागत नाही, पण गुलांतला केशरी-लाल चांगलाच उतरला. एक राखाडी रंग आहे, तो मुळाशी चक्क जांभळट गुलाबी निघाला.

मंजिष्ठा
मग उत्तर त्या राखाडीतच आहे. मुळाशी भडक आणि शेंड्याला राख, ही फुक्सिन या कृत्रिम जांभळट-गुलाबी रंगाची खूण. किरमिजाचा (किड्यांपासून काढलेला) गुलाबी असा विटत नाही. फुक्सिन युरोपात 1850च्या दशकाअखेर निघालं, तुमच्या केशरी-लालसारखे पाणी लागताच सुटणारे अझो लाल, हेही कृत्रिमच, 1870च्या दशकाअखेर. कॅस्पियनकडून रेल्वे 1880 मध्ये सुरू होऊन 1888 मध्ये समरकंदला पोचली, तेव्हा हे रंग विणणाऱ्यांच्या हाती सर्रास येऊ लागले. न उतरणारा लाल बहुधा रुनास या वनस्पतीच्या मुळांचा, आपल्या मंजिष्ठेचं भावंडच. जुना आणि नवा रंग शेजारी नांदतायत, तेव्हा माझा अंदाज 1880 ते 1910. एका धाग्यावर निवाडा नको, मात्र दोन कृत्रिम रंग आणि दोन्ही मूळ विणीत असतील तर शंका उरत नाही. ते भाग नंतर रफू केलेले नाहीत ना, पाठीमागून खात्री करा.

लवकाप
सममित गाठ, लोकरीचा पांढरा, 1,320 गाठी प्रति चौरस डेसिमीटर, खाली नक्षीचा पट्टा: योमुत म्हणा. दीडशेपेक्षा कमीच, आणि भाव त्यानुसार बोला.

उलटंही ध्यानात असू द्या. कृत्रिम रंग नाही म्हणून जुना, असं होत नाही. 1980च्या दशकापासून वनस्पतिरंग पुन्हा वापरात आले. अफगाण विणकरांनीही त्यांत भरपूर माल काढलाय. आणि हा तुकडा घरी धुऊ नका. केशरी पांढऱ्यात शिरला की परत निघत नाही.

उभाधागा
राखाडी भाग मागूनही जांभळटच आहे, रफू नाही. आभार. विकणाऱ्याला मुळाचा फोटो दाखवतो.