‘स्वयंसेवक व्यवस्थापक’ म्हणजे नेमके कोण?

अनुवादिनी :
वस्तीपातळीवरच्या स्वयंसेवकांकडून काम करवून घेणाऱ्या माणसांसाठी एका सामाजिक संस्थेने तयार केलेल्या प्रशिक्षण-पुस्तिकेचा अनुवाद सध्या माझ्याकडे आहे. ‘स्वयंसेवक व्यवस्थापकांचे व्यावसायिक प्रशिक्षण’ असे शीर्षक मी दिले, त्यावर संस्थेतल्या बाईंनी दोन आक्षेप घेतले. पहिला असा, की यावरून व्यवस्थापकच बिनपगारी असल्याचे वाटते. दुसरा असा, की ‘व्यावसायिक प्रशिक्षण’ म्हटले की डोळ्यांसमोर आयटीआयमधला वेल्डर येतो. दोन्ही आक्षेप मला पटतात, परंतु पर्याय सुचत नाही.

समासप्रेमी :
पहिला आक्षेप रास्त आहे. कर्मधारय मानला तर ‘स्वयंसेवक असलेला व्यवस्थापक’ आणि षष्ठी तत्पुरुष मानला तर ‘स्वयंसेवकांचा व्यवस्थापक’ असा विग्रह होतो. मध्ये जोडरेघ घालून हा घोळ मिटत नाही. सरळ ‘स्वयंसेवकांच्या व्यवस्थापकांसाठी’ असे लिहावे. विभक्तिप्रत्यय असताना त्यांची एवढी काटकसर कशासाठी करायची?

जुनी पायवाट :
या कामाला मराठीत नावच नाही असे गृहीत धरले जात आहे, म्हणून लिहितो. गावोगावी घरोघर जाऊन आरोग्याचे काम करणाऱ्या आशांना सरकारी कागदावर ‘आशा स्वयंसेविका’ म्हणतात आणि त्यांना मार्गदर्शन करून त्यांच्या कामावर देखरेख ठेवणारीला ‘गटप्रवर्तक’. मी गटप्रवर्तकांची प्रशिक्षणे घेतली आहेत. त्यांना नोंदवह्या तपासणे सहज जमे. अवघड जाई ते आशासोबत गृहभेटीला जाऊन गप्प बसणे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी भेटायचे असते. बाळाला झोळीत घालून ती वजन घेते आहे आणि काटा शून्यावर आणायचा राहिला आहे, हे दिसत असतानाही बाळाच्या आजीसमोर तिला टोकायचे नाही; ‘आपण पुन्हा एकदा बघू या’ एवढेच म्हणायचे आणि बाकीचे रस्त्यावर आल्यावर बोलायचे, हे आम्ही शिकवत असू. याला ‘व्यवस्थापन’ म्हणणे मला जड जाते. ‘प्रवर्तक’ हा शब्द ज्याने योजला, त्याला काम कळले होते.

शुद्धमती :
मुळात ‘स्वयंसेवक’ हाच शब्द सदोष आहे. ‘स्वयंसेवा’ अशी पाटी असलेल्या उपाहारगृहात आपले ताट आपणच उचलतो. त्या न्यायाने स्वयंसेवक हा स्वतःचीच सेवा करणारा ठरतो. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात विनावेतन राबणाऱ्यांना ‘सेवेकरी’ म्हणतात. इतका नेटका शब्द असताना आपण तो का सोडावा? त्यांच्या प्रमुखाला ‘सेवाप्रमुख’ म्हणावे.

समासप्रेमी :
‘स्वयम्’चा अर्थ ‘आपण होऊन’ असाही आहे, आणि येथे तोच अभिप्रेत आहे. शब्दशः अर्थच धरायचा म्हटले, तर पगार घेऊन दुसऱ्याच्या घरी रांधणाऱ्या स्वयंपाकीणबाईंचे काय करणार? १९२५ साली स्थापन झालेल्या संघाच्या नावात हा शब्द आहे, म्हणून काही मंडळी तो टाळून ‘कार्यकर्ता’ म्हणतात, हे मी समजू शकतो. पण व्याकरणाचा आधार घेऊन तो टाळू नये. शिवाय ‘सेवेकरी’ला देवस्थानाचा वास आहे, तो पाणलोटाच्या कामावर कसा चालेल?

शुद्धमती :
वास शब्दाला नसतो, ऐकणाऱ्याच्या नाकाला असतो.

तासिका :
दुसरा आक्षेप बाजूलाच राहिला. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे आणि तिथे विद्यार्थी-स्वयंसेवकांचे काम पाहणाऱ्या प्राध्यापकाला ‘कार्यक्रम अधिकारी’ म्हणतात. त्याच्या प्रशिक्षणासाठी ‘उद्बोधन वर्ग’ आणि पुढे ‘उजळणी वर्ग’ हे शब्द रुळलेले आहेत. वेल्डरचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र तिथे दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. तासांच्या सहीपुरत्या येणाऱ्या मुलाला स्वयंसेवक का म्हणावे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

अनुवादिनी :
सर्वांची आभारी आहे. ‘उद्बोधन’ शब्दात भाषण ऐकल्याचा भाव येतो. या पुस्तिकेत मात्र नव्या माणसाशी पहिले बोलणे कसे करावे, जमेल तेवढेच काम त्याच्याकडे कसे द्यावे आणि तो सोडून जाताना त्याचा निरोप कसा घ्यावा, याचे सराव आहेत. आणखी एक पंचाईत अशी, की प्रशिक्षणाला येणाऱ्यांपैकी कित्येकजण स्वतःही विनावेतन काम करतात, असे आज समजले. म्हणजे समासप्रेमींचे दोन्ही विग्रह एकाच वर्गात बसणार आहेत.

शुद्धमती :
मग ‘ज्येष्ठ सेवेकरी’ म्हणा.

जुनी पायवाट :
सेवेकरी म्हणा, स्वयंसेविका म्हणा. आशांना कामागणिक मिळतो त्याला कागदोपत्री ‘मोबदला’च म्हणतात, वेतन नव्हे. त्यांच्या संघटना मोर्चे काढतात ते कर्मचारी म्हणून मान्यता मिळावी यासाठी, आणि त्या मोर्चांत गटप्रवर्तकही असतात. त्यांना सेवेचे गोडवे ऐकवण्याआधी त्यांनी स्वतःसाठी कोणता शब्द मागितला आहे, ते पाहावे.

समासप्रेमी :
तो प्रश्न शासनाचा आहे. इथे प्रश्न शीर्षकाचा आहे.

जुनी पायवाट :
शासनाने तो शीर्षकातच सोडवला आहे, तक्रार तीच आहे.