खिशात मावेल असा अगदी छोटा कॅमेरा: घ्यावा का? सल्ला हवा

पिंपळपान:
नमस्कार मंडळी. रोज सकाळी तासभर चालायला जाते. फोन मुद्दाम घरी ठेवते, कारण तो हातात आला की फोटो राहतो बाजूला आणि मी निरोप वाचत बसते. पण वाटेत काही ना काही दिसतंच. ओल्या भिंतीवरचं शेवाळ, गोगलगाय, तारेवरचा पक्षी. त्यासाठी एक पातळ, हलका कॅमेरा घ्यावा असं मनात आहे.

त्याच कॅमेऱ्याने आणखी दोन कामं व्हावीत अशी इच्छा आहे. आई आता थकली आहे, संध्याकाळी घरात ती आणि मुलं एकत्र बसतात तेव्हाचे फोटो. आणि मुलगी नाच शिकते, तिचे रंगमंचावरचे फोटो. आम्ही साधारण सहाव्या-सातव्या रांगेत असतो.

कॅननचा इक्सस २८५ एचएस पाहिला. २० मेगापिक्सेल, १२ पट झूम, वजन दीडशे ग्रॅमच्या आत, जाडी फक्त २३ मिमी. एवढ्यात सगळं भागेल का? नवा मिळाला नाही तर वापरलेलाही चालेल.

छायाप्रकाश:
पिंपळपान, चालताना वापरायला भागेल. घरातल्या संध्याकाळी कसंबसं. नाचासाठी नाही. का नाही, ते जरा सविस्तर लिहितो, कारण हे कळलं की कुठल्याही कॅमेऱ्याची माहिती वाचून तुम्ही स्वतःच निर्णय घेऊ शकाल.

मेगापिक्सेल आणि झूमचे आकडे बाजूला ठेवा. आधी दोन गोष्टी बघा: सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी आतली पट्टी, केवढा आहे, आणि झूम पूर्ण बाहेर काढल्यावर भिंगाचा एफ-आकडा किती होतो (हा आकडा जितका लहान तितकं भिंगाचं भोक मोठं आणि प्रकाश जास्त). या कॅमेऱ्याचा सेन्सर १/२.३ इंची, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ६.२ बाय ४.६ मिमी. करंगळीच्या नखाहून लहान. भिंग रुंद टोकाला, म्हणजे झूम न करता, एफ/३.६ आहे आणि पूर्ण झूमला एफ/७.

आता नाचाचं गणित. बऱ्यापैकी उजेडाच्या रंगमंचावर मला एफ/२.८ ला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता) १६०० ठेवून शटरचा वेग साधारण १/२५० सेकंद मिळतो. नाचणारीचे हात गोठवायला तेवढा वेग लागतोच. एफ/७ ला त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकाच प्रकाश आत येतो. म्हणजे तोच आयएसओ ठेवला तर शटर १/४० वर येतं आणि हात, ओढणी, घुंगरू सगळं पुसट होतं. वेग राखायचा तर आयएसओ १०००० लागेल, आणि एवढ्याशा सेन्सरवर ८०० च्या पुढेच चित्र खरखरीत व्हायला लागतं.

इथे हमखास कोणीतरी सांगेल की कॅमेऱ्यात स्थिरीकरण आहे. आहे, पण ते तुमच्या हाताची थरथर थांबवतं, मुलीचं नाचणं नाही.

आणि २० मेगापिक्सेलबद्दल. या सेन्सरवर एकेक पिक्सेल जेमतेम १.२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एफ/७ च्या भोकातून प्रकाश जाताना तो पसरतो, आणि एका बिंदूचा ठिपका साधारण ९ मायक्रॉनचा पडतो. म्हणजे एक बिंदू सात-आठ पिक्सेल रुंद. हा भिंग बनवणाऱ्याचा दोष नाही, प्रकाशाचा स्वभावच तसा आहे. त्यामुळे पूर्ण झूमवर २० मेगापिक्सेलची फाइल मिळते, पण तेवढा तपशील तिच्यात नसतो. पक्षी ओळखता येईल. पिसं मोजता येणार नाहीत.

जुनीरीळ:
छायाप्रकाश यांचं सगळं मान्य, पण छोट्या सेन्सरची एक बाजू राहिली आणि पिंपळपान यांच्यासाठी तीच मोलाची आहे.

मी बरीच वर्षं असाच पातळ कॅमेरा घेऊन फिरतो, कीटक आणि बुरशी टिपायला. सेन्सर जितका लहान तितकी एका वेळी जास्त खोली स्पष्ट येते. मोठ्या कॅमेऱ्याने गोगलगाय जवळून घेतली की शिंगं स्पष्ट आणि शंख धूसर. माझ्या चिमुकल्यात शिंगापासून शंखापर्यंत सगळं नीट येतं. रुंद टोकाला हे कॅमेरे १ सेंटीमीटरवरही फोकस करतात. मात्र इतकं जवळ गेलं की कॅमेऱ्याचीच सावली पडते, म्हणून उजेड बाजूने येईल असं बसायचं. आणि झूम केलं की ही जवळ जाण्याची सोय जाते, तेव्हा मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळून फोटो घेताना, झूमला हात लावू नका.

शटरचं बटण आधी अर्धं दाबायचं, फोकसची हिरवी चौकट आली की पूर्ण. एका दमात दाबलं तर क्षण निघून जातो आणि माणूस कॅमेऱ्याला दोष देत बसतो.

एक कळकळीची सूचना. खिशातला धागा-धूळ आणि पुढे-मागे सरकणारं भिंग यांचं हाडवैर आहे. माझा पहिला कॅमेरा असाच गेला. खिशातच चालू झाला, भिंग बाहेर यायला बघत होतं, कापडाला अडलं, आत दाते घसरले. पडद्यावर 'भिंगात बिघाड' एवढं आलं आणि पुन्हा कधी उघडलाच नाही. तेव्हापासून आधी पिशवी, मग खिसा.

निशाचर:
ताई, तुमच्या यादीत घरातली संध्याकाळ आहे, तेव्हा १ इंची सेन्सर बघाच. सोनीचा आरएक्स१००, २०१२ चा पहिला. भिंग २८ ते १०० मिमीच्या तोडीचं, म्हणजे झूम साधारण साडेतीन पट, रुंद टोकाला एफ/१.८. वजन बॅटरी-कार्डासकट २४० ग्रॅम. रॉ फाइलही देतो, म्हणजे सेन्सरने टिपलेलं कच्चं चित्र. पुढे तो सातव्या पिढीपर्यंत पोचला, पण झूम फार नको असेल तर पहिलाच अजून उत्तम काम करतो.

तोटे: जाडी ३६ मिमी, अंग गुळगुळीत असल्यामुळे हातातून निसटतो, पडदा वळत नाही, आणि भर उन्हात त्या पडद्यावर काय दिसतंय ते कळत नाही. डोळा लावायची खिडकी यालाही नाही, इक्ससलाही नाही. जवळचा फोकस रुंद टोकाला ५ सेंटीमीटर, झूमवर मात्र थेट ५५ सेंटीमीटर.

पिंपळपान:
खूप आभार. एक बाळबोध प्रश्न. १ इंची सेन्सर म्हणजे २५ मिमी ना? मग तो खिशात कसा मावतो?

छायाप्रकाश:
प्रश्न अगदी बरोबर आहे. तो २५ मिमी नसतोच, १३.२ बाय ८.८ मिमी असतो. पूर्वी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यात चित्र टिपायला काचेच्या नळ्या असत. नळीचा बाहेरचा व्यास १ इंच असला तर आतली कामाची जागा बरीच लहान भरायची. नळ्या गेल्या, मोजायची पद्धत राहिली. १/२.३ इंचाचंही तसंच, म्हणून तुलना नेहमी मिलिमीटरमध्ये करा. क्षेत्रफळ धरलं तर १ इंची सेन्सर चौपट मोठा आहे.

मंदवारा:
रिको जीआर ३ चं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहिते. एपीएस-सी सेन्सर, म्हणजे १ इंचीहूनही कितीतरी मोठा, आणि वजन फक्त २५७ ग्रॅम. माझा जीव आहे या कॅमेऱ्यावर. पण झूम अजिबात नाही, २८ मिमीची एकच दृष्टी. फ्लॅश नाही. बॅटरी लवकर संपते. तारेवरचा पक्षी हवा असेल तर हा तुमचा नाही.

जुनीरीळ:
वापरलेला घेणार असाल तर या गोष्टी हातात घेऊन तपासा. भिंग दहा वेळा आत-बाहेर करा, करकर नको. पांढऱ्या भिंतीचा पूर्ण झूमवर फोटो काढा. करडे डाग दिसले तर आत धूळ आहे आणि ती या कॅमेऱ्यांतून सहज काढता येत नाही. बॅटरी काढून सपाट पृष्ठभागावर ठेवा. डगमगली तर फुगलेली आहे, ती वापरू नका.

फारच जुना कॅमेरा कोणी देऊ केला तर कार्ड आधी बघा. २ जीबीपर्यंतचं साधं एसडी, ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी, त्यापुढे एसडीएक्ससी. जुना कॅमेरा नवं कार्ड वाचत नाही. काहींना तर एक्सडी किंवा मेमरी स्टिक लागते.

एका बॅटरीत किती फोटो निघतील याचे दिलेले आकडे ठरावीक चाचणीतले असतात, त्यात निम्मे फोटो फ्लॅशसकट. तुम्ही फ्लॅश मारला नाहीत तर जास्त निघतील, पडदा सतत चालू ठेवलात तर कमी. दुसरी बॅटरी घ्याच.

निशाचर:
फ्लॅशवरून आठवलं. इतक्या लहान कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला खेटूनच असतो. त्यामुळे प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर आपटून सरळ भिंगात परततो आणि डोळे लाल येतात. रिमझिम पावसात किंवा धुळीत फोटोभर गोल पांढरे ठिपके येतात तेही याचमुळे, भिंगापुढचे कण उजळतात. आईंचे फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि त्यांना दिव्याच्या जवळ बसवा.

पिंपळपान:
उशिरा लिहिते आहे, पण रिकाम्या हाताने आले नाही. मैत्रिणीकडे इक्सस निघाला आणि तिच्या भावाकडे पहिला आरएक्स१००. दोन्ही आठवडाभर मागून घेतले.

चालताना इक्ससच जिंकला, यात शंका नाही. सातही दिवस तो माझ्याबरोबर होता. दुसरा खिशात जड लागतो म्हणून तीनदा घरीच राहिला. गोगलगाय दोघांनी छान टिपली, इक्ससने किंचित जास्तच छान. पक्षी फक्त इक्ससमध्ये आला, आणि छायाप्रकाश म्हणाले तसाच आला: ओळखू येणारा, पण जलरंगात काढल्यासारखा.

मग घरातली संध्याकाळ. एकच दिवा, आई आरामखुर्चीत, धाकटा तिच्या मांडीवर. झूम न करता दोन्हीने एकेक फोटो घेतला, शटर दोन्हीत सारखंच. इक्ससने एफ/३.६ वर आयएसओ ३२०० घेतला. खरखर घालवताना त्याने आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याच पुसून टाकल्या. चेहरा गुळगुळीत, मेणाचा. ती माझी आई वाटेना. आरएक्सच्या फोटोत तिच्या भुवईजवळची लहानपणच्या जखमेची खूणसुद्धा दिसते.

तिथेच निर्णय झाला. पक्षी पुढच्या वर्षीही येतील.

नाचाचं असं ठरवलं आहे की कार्यक्रमात कॅमेरा काढायचाच नाही. मुलीच्या बाईंना विचारलं, रंगीत तालमीला रंगमंचाच्या कडेशी बसायला परवानगी मिळाली. तिथून झूमची गरजच नाही, एफ/१.८ वर काम होईल.

मंदवारा:
तालमीची युक्ती फार आवडली. त्या दिवशी स्वयंचलितवर ठेवू नका. शटर १/२५० ला बांधून घ्या आणि आयएसओ त्याला ठरवू द्या. फोकसचा मदतदिवाही बंद करा, तो मुलींच्या डोळ्यांवर येतो.

जुनीरीळ:
आणि मनगटाचा पट्टा पहिल्या दिवसापासून. निसटतो तो.

पिंपळपान:
पट्टा लावला, जुन्या साडीच्या काठाची पिशवीही शिवली. कमरेला लावते, आता घरी राहत नाही.

छायाप्रकाश:
आईंच्या त्या फोटोचे आकडे सांगाल का? माझ्याही घरी तसाच एकच दिवा असतो.

पिंपळपान:
एफ/१.८, १/३०, आयएसओ ८००. फ्लॅश नाही. दिवा तिच्या डावीकडे, हाताच्या अंतरावर. पाच फोटो काढले, त्यातले दोन हलले.