‘ज्यांना जमत नाही त्यांनी रंकाळ्यावर फिरावं’ याला उत्तर

तीनचाकी:
कोल्हापुरात पंचगंगा घाटापासून खाली राजाराम बंधाऱ्याकडे नदीकाठाने सगळ्यांना जाता येईल अशी वाट व्हावी, असं इथे कुणीतरी मांडलं होतं. त्यावर ‘काठराखा’ यांनी लिहिलं: “काठ आहे तसा राहू द्या. सगळ्यांसाठी वाट म्हणजे काँक्रीट. ज्यांना जमत नाही त्यांनी रंकाळ्यावर फिरावं, तिथं सोय आहे.” बऱ्याच जणांनी त्याला माना डोलावल्या, म्हणून सविस्तर लिहितोय.

रंकाळा तलाव आहे. नदी, उसाचे फड, बंधाऱ्यावरून पडणारं पाणी बघायचं असेल तर रंकाळ्यावर जाऊन ते दिसत नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला एक जागा नेमून द्यायची आणि बाकीचा जिल्हा चालत्या माणसांचा, हे मला मान्य नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यालाही नाही. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक म्हणून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत.

आता काँक्रीटचं. वाटेला लागतं काय? रुंदी किमान १२०० मिमी, समोरासमोर दोन खुर्च्या येणार असतील तिथे १८००. चढ शक्यतो १:२० पेक्षा (वीस मीटर लांबीत एक मीटर उंची) सौम्य, अगदीच नाइलाज असेल तिथे १:१२. आडवा उतार १:५० च्या आत, नाहीतर खुर्ची सारखी नदीकडे ओढ घेते आणि एकाच हाताने जोर लावून खांदा भरून येतो. पृष्ठभाग घट्ट आणि न घसरणारा. ठरावीक अंतरावर ४५० ते ५०० मिमी उंचीचे, पाठ आणि हात असलेले बाक. गुडघेदुखीवाल्याला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. यात काँक्रीट हा शब्द कुठे आला?

काठराखा:
कागदावर सगळं सौम्य असतं. घाटावर या आणि बघा. रस्त्यापासून खालच्या पायरीपर्यंत समजा ६ मीटर उतरायचं. १:१२ ने ७२ मीटर रॅम्प. दर पाऊण मीटर उतारानंतर सपाट टप्पा लागतो, म्हणजे ८ तुकडे आणि मधे दीड-दीड मीटरचे ७ टप्पे. साडेब्याऐंशी मीटर लांबीची भिंत त्या दगडी पायऱ्यांवर आणि देवळांसमोर उभी करणार? पुरात तिला झाडं, जलपर्णी अडकणार, पाणी वळणार आणि शेजारचा काठ खचणार. नदीला काय लागतं ते कुणी विचारतच नाही.

सबओव्हरसियर:
हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. घाटावरून खाली उतरायला कुणी सांगितलं? वाट काठावर, वरच्या अंगाने न्यायची. कसबा बावड्याच्या बाजूला शेतातून पाणंदी, म्हणजे शेतात जायच्या गाडीवाटा, आधीच आहेत, त्या काठाला समांतर चालतात आणि चढ नावालाच आहे. पाण्यापर्यंत एकाच ठिकाणी जायचं, तेही जिथे काठ आपणहून उतरता आहे तिथे.

पुराबद्दल. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ च्या पुढे गेलं. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, जे करायचं ते बुडणार हे धरूनच करायचं. उंच भराव नाही, भिंत नाही, जमिनीच्या पातळीवरच वाट. आणि तोंडाशी पाटी: बंधाऱ्यावर अमुक फूट पाणी झालं की वाट बंद. तो आकडा पावसाळ्यात रोज जाहीर होतोच.

पेव्हिंग ब्लॉकचा विचार मात्र कुणी करू नये. ६० मिमीचा ब्लॉक, खाली ३०-४० मिमी वाळू. पूर ओसरताना सांध्यातली वाळू घेऊन जातो, कडेचा कर्ब सुटतो, मग ब्लॉक डुलायला लागतात. १० मिमीची कड वर आली की खुर्चीचं पुढचं लहान चाक अडतं आणि माणूस तोंडावर जातो. कोल्हापुरात जिथे तिथे ब्लॉक घालायचं जे वेड आहे ते नदीकाठी तरी आणू नका.

काठराखा:
मग मुरूम? जुलैत त्याचा राडा होतो.

सबओव्हरसियर:
नुसता टाकला तर होतो. खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वर काहीही घाला, हलणारच. म्हणून आधी ४५० मिमी तरी काळी काढायची, चांगला मुरूम १५० च्या थरांनी ओलवून रोलरने दाबायचा. वरच्या थरात वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास सिमेंट मिसळायचं, वर खडीचा कच, आणि ७ दिवस पाणी मारायचं. इथेच कामं फसतात: मिश्रण फावड्याने अर्धवट होतं आणि तिसऱ्या दिवशी पाणी मारणं थांबतं. नीट झालं तर रंग मातीचाच राहतो, पाय घसरत नाही, खुर्ची रुतत नाही. दरवर्षी पावसाळ्यानंतर डागडुजी लागणार, ते धरूनच चालायचं.

पांढरीकाठी:
पूर ओसरल्यावर गाळाचं काय तेही सांगा. ओला असतानाच पंपाच्या पाण्याने आणि रबरी पाटीने ढकलला तर निघतो. चार दिवस ऊन लागलं की त्याची पापडी होते, खाली भुसभुशीत, वर कडक. काठी टेकली तर घट्ट लागतं आणि पाय टाकला की रुततो. आणि आम्हा न दिसणाऱ्यांना काठीने, पायाने कळाव्यात म्हणून घालतात त्या पिवळ्या टॅक्टाइल टाइल्स तर मुळीच घालू नका. त्यांच्या ठिपक्यांत आणि रेघांत गाळ बसला की त्या साध्या फरशीसारख्याच लागतात. त्यापेक्षा नदीच्या बाजूला सलग ७५ ते १०० मिमी उंच कड द्या. काठीला तीच पुरते आणि खुर्चीचं चाकही घसरून खाली जात नाही. पाणी निघायला मधे फटी ठेवा, पण अरुंद.

शुक्रवारपेठ:
आधी जयंती नाल्याच्या सांडपाण्याचं बघा, मग वाटा करा. नाकाला रुमाल लावून कोण फिरणार?

तीनचाकी:
नाल्यासाठी वेगळा धागा काढा, मीही लिहीन. “आधी ते, मग हे” म्हणत राहिलं की आमचा नंबर कधीच लागत नाही.

पाणंदवाला:
वाचतोय कवापास्नं. पाणंद पाणंद करालायसा, ती कुणाची हाय? आमी त्यातनं ऊस काढतोय. गळीत हंगाम सुरू झाला की भरलेल्या ट्रॉल्या जात्यात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन. तुमचा तो ५ टक्क्याचा मुरूम आठ दिवसांत चाकोऱ्या पडून उखडणार. मग तुमी म्हणणार शेतकऱ्यानं वाट मोडली. ट्रॅक्टर बंद करायचं कुणाच्या डोक्यात असंल तर आत्ताच सांगा.

सबओव्हरसियर:
ट्रॅक्टर बंद करायचा प्रश्नच नाही. तोंडाशी ४ मीटरचं दोन पाखांचं फाटक, किल्ली शेतकऱ्यांकडे. शेजारी चालणाऱ्यांसाठी मीटरभराची फट. दुचाकी आत येऊ नयेत म्हणून त्या फटीत नागमोडी दांडे.

तीनचाकी:
आणि त्याच नागमोडी दांड्यांनी मीही बाहेर. नीट मोजा. मोटरसायकलचं हँडल ७०० ते ८०० मिमी. व्हीलचेअर ६५० ते ७००, त्यात चाक फिरवणाऱ्या हातांना जागा लागते, म्हणजे मोकळी फट ९०० हवीच. जिथून खुर्ची जाते तिथून दुचाकी जातेच. रुंदीने दोघांना वेगळं करता येत नाही.

मग तुम्ही म्हणाल वळणाने करू, कारण खुर्ची आखूड आणि गाडी लांब. इथे खरी अडचण आहे. तुमची सगळी मापं व्हीलचेअरची आहेत, आणि खेडेगावात व्हीलचेअर घेऊन कोण फिरतं? लोक हाताने फिरवायची तीनचाकी सायकल वापरतात, अ‍ॅलिम्को या सरकारी कंपनीची. ती खुर्चीपेक्षा रुंद, लांबीला जवळपास मोटरसायकलएवढी, आणि वळायला तिला खुर्चीच्या दुपटीने जागा लागते. नागमोडी दांड्यांत ती हमखास अडकते, मागेही घेता येत नाही. बाजूची चाकं लावलेली स्कूटर तर मीटरच्या फटीत शिरतच नाही. ज्याच्यासाठी वाट करताय तोच फाटकात अडकणार आणि दुचाकीवाला गाडी तिरकी करून निघून जाणार.

काठराखा:
म्हणजे दुचाकी येऊ द्यायच्या? नदीकाठी हॉर्न, हुल्लड, बाटल्या? यासाठीच माझा विरोध होता.

शुक्रवारपेठ:
कुलूपबंद फाटक करा आणि दिव्यांगांना किल्ली द्या. ब्रिटनमध्ये त्यांच्या शौचालयांसाठी सामाईक किल्ली चालते, काही वाटांच्या फाटकांनाही तीच लागते.

तीनचाकी:
तिथल्याच बीएस ५७०९ या वाटांवरच्या फटी-फाटकांच्या मानकात क्रम दिलाय: आधी मोकळी फट, नाहीच जमलं तर फाटक. अडथळा जेवढा कमी तेवढा बरा. आणि किल्ली म्हणजे आधी अर्ज, मग सही, मग कार्यालयाची वेळ. पाहुणा आला, त्याला किल्ली कुठली? ज्याचा पाय महिन्यापूर्वी मोडलाय त्याला? आजीला? सायकलीवर बसून उंचावरचं कुलूप काढायला हात तरी पोचतो का, हेही कुणी बघत नाही.

पाणंदवाला:
आणि दुचाकी बंद म्हणताय, सकाळी दूध कशावरनं घालायचं आमी? कॅन हँडलला, मागं वैरणीचा भारा. भाऱ्यासकट तुमच्या मीटरभर फटीत गाडी शिरत न्हाई. दिसातनं चार वेळा उतरून फाटक उघडायचं आणि लावायचं काय?

काठराखा:
तुमच्या दुधाच्या गाडीला कोण काय म्हणतंय? संध्याकाळी शहरातून येतात त्यांच्याबद्दल बोलतोय.

पाणंदवाला:
फाटकाला ते कळतंय व्हय, दुधाची कुठली आणि शहरातली कुठली?

सबओव्हरसियर:
बरं. फाटकाचा मुद्दा मी सोडतो. शहरातल्या गाड्या पाणंदीत येतात त्या मुख्यतः पलीकडे लवकर निघता येतं म्हणून. तेव्हा फिरायची वाट दोन रस्त्यांना जोडायचीच नाही. एका टोकाने जायचं, नदीपाशी गोल वळसा घेऊन त्याच टोकाला परत. वळसा ३ मीटर त्रिज्येचा ठेवला तर तीनचाकी मागे न घेता वळते. गाड्या लावायची जागा तोंडाशीच, त्यात बाजूच्या चाकांच्या स्कूटरसाठी साडेतीन मीटर रुंद दोन जागा, जमीन सपाट. स्कूटरवरून खुर्चीत उतरताना जमीन कलती असेल तर खुर्ची निसटते.

आणि पाणंदीच्या बाजूला १.८ मीटरची स्वतंत्र पट्टी केली तर ट्रॉलीचा प्रश्नही सुटतो.

पाणंदवाला:
१.८ मीटर कुठनं आणणार? किलोमीटरला १८०० चौरस मीटर झालं. म्हंजे जवळजवळ १८ गुंठं. काठाची काळी जमीन, ती कोण सोडणार? माझ्या बांधावर चुन्याची रेघ मारायला आलासा तर वाईट होईल, आधीच सांगतो.

शुक्रवारपेठ:
धमक्या नकोत. सार्वजनिक कामासाठी जमीन घेतातच.

पाणंदवाला:
तुमच्या पेठेतली घ्या की मग. पूर येतोय तवा आमचा ऊस कुजतोय, तुमी पुलावरनं फोटो काढतासा.

तीनचाकी:
जमीन घ्यायची नाही. माझ्याकडून हा विषय इथेच बंद. आहे त्याच पाणंदीत दर ५०-६० मीटरला एखाद्या झाडाखाली फुगवटा द्या, खुर्ची आणि बाक मावेल एवढा, दीड बाय दोन मीटर. ट्रॉली आली की तिथे बाजूला थांबायचं. १८ गुंठ्यांऐवजी किलोमीटरला पाऊण गुंठासुद्धा लागत नाही, आणि झाड असतं तिथे ऊस लावलेला नसतोच. झाड मात्र बाभळीचं नको. हवेच्या टायरला बाभळीचा काटा लागला की माणूस तिथेच बसून राहतो. भरीव टायर घातले तर पंक्चर नाही, पण प्रत्येक खडा कमरेला लागतो. म्हणून काटे झाडणं हे डागडुजीच्या यादीत हवं.

काठराखा:
बाभळी तोडायच्या नाहीत. सुगरणींची घरटी त्यांच्यावरच असतात.

तीनचाकी:
तोडा म्हटलेलं नाही. झाडा म्हटलंय.

पांढरीकाठी:
ट्रॉलीसाठी बाजूला थांबायचं ठीक, पण कुठल्या बाजूला ते मला न बघता कळायला हवं. फुगवटे सगळे एकाच अंगाला ठेवा, नदीच्या विरुद्ध. आणि सुरुवातीला खडीचा पट्टा, दोन पावलं रुंद, पायाखाली वेगळा लागेल असा.

सबओव्हरसियर:
खडी मोकळी नको, चाक रुतेल. मुरुमात दाबून, वर फक्त खरखर राहील अशी.

पांढरीकाठी:
चालेल.

पाणंदवाला:
फुगवट्याला माझी ना न्हाई, झाडाखाली तसंबी काय पिकत न्हाई. पण चाकोऱ्यांचं मिटलं न्हाई अजून. आमच्या ट्रॉल्या आणि तुमचं फिरणं, दोन्ही त्याच थंडीत.

सबओव्हरसियर:
एका फडाची तोड थोडे दिवसच चालते. ते दिवस तोंडाशी पाटीवर लिहायचे: पुढे अमुक अंतरावर तोड चालू. फड रिकामा झाला की ब्लेड फिरवून चाकोऱ्या भरायच्या, पाणी मारून रोलर. चाकोरी महिनाभर राहिली तर पाणी साचून खालचा थर जातो आणि तो पुन्हा खणावा लागतो. रोलरचा खर्च शेतकऱ्यावर नको, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

काठराखा:
सगळं वाचलं. दिवे लावायचे नसतील, झाड पडणार नसेल, घाटाला हात लागणार नसेल आणि मुरूमच असेल, तर माझी हरकत नाही. कठड्याला मात्र आहे. स्टीलचे पाइप नदीकाठी नकोत.

तीनचाकी:
सलग कठडा मीही मागत नाही. पाण्यापर्यंत उतरणाऱ्या त्या एका तुकड्याला दोन्ही बाजूंनी धरायला दांडा हवा, ७६० ते ९०० मिमी उंचीवर, टोकं आत वळवलेली. पुराआधी उचलून नेता येईल असा करा, बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढतात तसा. बाकी ठिकाणी कड पुरे.

काठराखा:
काढता येणारा असेल तर ठीक.

पाणंदवाला:
मोजायला येणार असशीला तर आदी विचारून या. उसाला पाणी सोडलेलं असतंय त्या दिशी निम्मी पाणंद चिखलात असती, तीनचाकी जागची हलायची न्हाई. वापसा आला, रान चालण्याजोगं सुकलं की सांगतो. टेप ३० मीटरचा आणा, पंधराचा पुरत न्हाई.