मदत हवी आहे: ३० अँपच्या ट्रेलरला दुसरा एसी बसवायचा आहे

मंडळी, अमेरिकेत आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर) वापरणारे कुणी असतील तर सल्ला हवाय. इलेक्ट्रिकलमधलं कळत असेल तर आरव्ही नसली तरी चालेल, उलट बरंच.

आम्ही डॅलसजवळ राहतो. सेकंडहँड घेतलेला २८ फुटी ओढायचा ट्रेलर आहे. छतावर एकच एसी, १३,५०० बीटीयूचा, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने धड सव्वा टनही नाही. तो स्वयंपाकघराच्या डोक्यावर आणि बेडरूम पार पुढच्या टोकाला. मार्च-एप्रिलमध्ये मजेत भागतं. जुलैत बाहेर १०४ फॅरनहाइट (४० सेल्सिअस) झालं की दुपारभर एसी अखंड चालूनही आत ८६ च्या खाली येत नाही, आणि बेडरूमच्या जाळीतून येते ती हवा म्हणायची की फुंकर, हा प्रश्नच आहे.

एसी बिघडलेला नाही. एसीजवळ आत ओढली जाणारी हवा आणि तिथल्याच जाळीतून बाहेर पडणारी हवा यांत २० डिग्रीचा फरक मिळतोय, म्हणजे तो बिचारा आपलं काम चोख करतोय. फिल्टर धुतलाय, कॉइल साफ केलीय, खिडक्यांना चंदेरी पत्रे लावलेत, ऑनिंग (बाजूचं कापडी छप्पर) उघडं ठेवतो.

यंदा सासू-सासरे सांगलीहून येताहेत. सासऱ्यांचं म्हणणं, "आम्ही काय एसीत वाढलो का, बाहेर खाट टाका." पण टेक्सासमधल्या तळ्याकाठचे डास त्यांनी अजून पाहिलेले नाहीत. शिवाय त्यांना जेवणानंतर तासभर आडवं व्हायला लागतं, तेही बेडरूममध्ये दार लावून. त्यामुळे दुसरा एसी बेडरूममध्येच हवा.

जागा तयार आहे. तिथे छताला १४ इंची चौकोनी व्हेंट आहे आणि छतावरच्या एसीला नेमकं तेवढंच भोक लागतं. व्हेंटची आतली चौकट सोडवून टॉर्च मारला, तर फोमच्या आड पिवळ्या वायरीचं वेटोळं सापडलं, १२ गेजची. म्हणजे कंपनीने दुसऱ्या एसीची सोय करून ठेवलीय. वायरीचं दुसरं टोक ब्रेकर पॅनेलच्या मागे मोकळं आहे.

अडतंय ते विजेवर. ट्रेलर ३० अँपचा. १२० व्होल्टने गुणलं की ३,६०० वॅट, खेळ खलास. भर उन्हात क्लॅम्प मीटरने बघितलं तर एसी एकटा १४ अँप घेतो. बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर ५ च्या आसपास, मायक्रोवेव्ह लावला की आणखी १२. गिझर आणि फ्रिज आम्ही आधीच गॅसवर टाकतो. यात दुसरे १४ कुठून आणायचे?

डीलर म्हणतो सगळं ५० अँपचं करून घ्या. नवी जाडजूड केबल, नवा इनलेट (ट्रेलरच्या बाजूला केबल खोचायचं तोंड), नवं पॅनेल आणि एसी, मिळून साडेचार हजार डॉलर. नवरा म्हणतो आरव्ही उतरतात त्या पार्कातल्या विजेच्या खांबावर ३० च्या सॉकेटशेजारी २० अँपचं साधं सॉकेट असतंच, तिथून वेगळी केबल आणून फक्त नवा एसी चालवायचा. मला ते पटतंय, पण दोन केबली लटकवलेला ट्रेलर बघून धाकधूक होते. कुणी केलंय का असं? आणि शेजारच्या साइटवरच्या एका आजोबांनी सांगितलं की ५० च्या सॉकेटला अडॅप्टर लावून ३० ची केबल जोडली की जास्त वीज मिळते. हे खरं आहे का?

तारेवरची_कसरत (फिनिक्स)
आजोबांना नमस्कार सांगा आणि ते ऐकू नका. खांबावर ५० असो की ५००, तुमच्या ट्रेलरचा मेन ब्रेकर ३० चा आणि केबल १० गेजची. मिळणार ३० च. तासन्‌तास चालणारा लोड असेल तर २४ च्या वर जाऊच नये.

५० बद्दल मात्र एक सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की २० अँप वाढले. तसं नसतं. त्या सॉकेटमध्ये ५०-५० अँपच्या दोन स्वतंत्र लाइन येतात, १२० व्होल्टच्या. म्हणजे १२,००० वॅट, तुमच्या आत्ताच्या तिपटीहून जास्त. पैसे उगाच मागत नाहीये डीलर. पण जुन्या स्टेट पार्कांत अनेक साइटना ३० च असतात, तिथे साडेचार हजार घालवूनही एकच एसी चालेल. तुम्ही जास्त करून कुठे उतरता त्यावर ठरवा.

हडपसरचा_हरी
बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. आमचा घरचा दीड टनी एसी सात-आठ अँप घेतो. तुमचा सव्वा टनाच्या आतला १४ कसा काय?

तारेवरची_कसरत
हरी, तुमच्याकडे २३० व्होल्ट, इथे १२०. व्होल्ट निम्मे की अँप दुप्पट. वर छतावरचा एसी ठेंगणा आणि उन्हात तळत बसलेला, त्यामुळे घरच्या स्प्लिटइतका काटकसरी नसतो.

चाकावरचं_घर
ताई, दुसरा एसी घ्याच, पण आधी पहिल्याची गळती बघा. छतावरून थंड हवा जिथून डक्टमध्ये शिरते तिथली आतली जाळी काढा. थंड हवेचा कप्पा आणि परतीच्या हवेचा कप्पा यांच्यामध्ये नुसता थर्माकोलचा तुकडा असतो, बऱ्याचदा वेडावाकडा कापलेला. पंखा चालू करून फटीजवळ उदबत्ती धरा. धूर कुठे पळतो ते दिसेल. आमच्यात निम्मी थंडाई बेडरूमपर्यंत न जाता तिथल्या तिथे परत एसीत जात होती. ॲल्युमिनियमची डक्ट टेप लावा, कापडी नको, ती उन्हाळ्यात सुटते.

आणि दोन्ही एसी एकाच वेळी लागतात का, याचा खरंच विचार करा. दिवसा बाहेरच्या खोलीत, रात्री बेडरूममध्ये असं चालत असेल तर एक चेंजओव्हर स्विच बसवा. एका वेळी एकच चालेल, ३० मध्ये आरामात बसेल, दुसरी केबलही नको.

धागाकर्ती
उदबत्ती लावली! फट इतकी की धूर सरळ आडवा गेला. टेप मारली. बेडरूमच्या जाळीतून आता बऱ्यापैकी जोर येतो, पण ऐन दुपारी अजून ८३-८४ आहेच.

स्विचची कल्पना रात्रीपुरती झकास. पण दुपारी सासरे आत झोपणार आणि आम्ही पाचजण बाहेर पत्ते कुटणार, तेव्हा दोन्ही लागणारच. म्हणून वेगळ्या केबलकडे कल आहे. पिवळ्या वायरीचं मोकळं टोक पॅनेलमध्येच घेऊन जोडू का? तिथे एका ब्रेकरची जागा आहे.

तारेवरची_कसरत
पॅनेलमध्ये नको! तिथे जोडलात की तो एसी पुन्हा त्याच ३० वर आला. ते टोक पॅनेलच्या बाहेर जंक्शन बॉक्समध्ये घ्या, तिथून १२ गेजचीच वायर ट्रेलरच्या बाजूला बसवलेल्या नव्या इनलेटपर्यंत. वाटेत २० चा स्वतंत्र ब्रेकर छोट्या डबीत ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या सर्किटची पांढरी न्यूट्रल जुन्या पॅनेलच्या न्यूट्रल पट्टीला कुठेही टेकता कामा नये. खांबावरचं २० चं सॉकेट जीएफसीआय (करंटची गळती पकडून वीज तोडणारं) असतं. गेलेला करंट त्याच वायरीने परत आला नाही की ते क्षणात ट्रिप होतं. मग लोक एसीला शिव्या घालत बसतात. अर्थ मात्र चासीला जोडायचीच, तिथे सवलत नाही. डबी बंद करण्याआधी लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनला दाखवा, तासाभराचे पैसे जातील ते जाऊ देत.

सॉफ्ट स्टार्टर घ्या, म्हणजे कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारी डबी. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू लोडच्या कित्येक पट करंट ओढतो आणि पार्कातली जुनी झिजलेली सॉकेटं तेवढ्यात मान टाकतात. बेडरूममध्ये तो धडाड् आवाजही कमी होतो, सासरे दचकून उठणार नाहीत. व्होल्टेज दाखवणारा मीटर आतल्या सॉकेटला कायम लावून ठेवा. भर दुपारी सगळा पार्क एसी लावतो, तेव्हा काटा १०५ च्या खाली आला तर एक एसी बंद करा, कॉम्प्रेसर जळण्यापेक्षा घाम बरा.

चाकावरचं_घर
बसवताना: एसीचं वजन ८०-१०० पौंड, दोघांनी शिडीवरून चढवायचं धाडस करू नका, तिसरा माणूस लागतोच. भोकाच्या दोन्ही बाजूंना छताचे आडवे दांडे आहेत ना, ते आधी चाचपा. खालच्या फोमच्या गास्केटला सिलिकॉन वगैरे काही फासू नका. चार बोल्ट आलटूनपालटून थोडे थोडे आवळा, इंचभर गास्केट अर्ध्या इंचावर आलं की थांबा. जास्त आवळलं तर पहिल्याच पावसात पाणी गादीवर.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार. एसी आणि सॉफ्ट स्टार्टर मागवलाय, इलेक्ट्रिशियन शनिवारी येतोय. आता एकच शंका राहिली. काही पार्कांत एका साइटवर ३० आणि २० दोन्ही सॉकेटं एकदम वापरू देत नाहीत असं वाचलं. बुकिंग करतानाच फोनवर विचारावं की गेल्यावर?

तारेवरची_कसरत
फोनवरच. आणि "दोन्ही सॉकेटं चालतील का" एवढंच नका विचारू, दोन्ही मिळून मागचा ब्रेकर किती अँपचा आहे तेही विचारा. काही जुन्या खांबांवर दोन्ही सॉकेटं एकाच ३० च्या लाइनवर असतात. तिथे चाकावरचं_घर यांचा स्विचच कामाला येईल, तोही आत्ताच बसवून घ्या.