अनुभव धागा: रात्रीचं जेवण, घरचं की पाकिटातलं?

पाकीट फोडून मोकळे होणारे आणि रोज कणीक मळणारे, दोघांनीही लिहा. रात्री साडेआठला घरात पाय ठेवणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांना खास आग्रह. उपदेश नको, हिशोब चालेल.

घोडबंदर रोड : राजमा, दाल मखनीची पाकिटं कपाटात कायम असतात. पाकीट उकळत्या पाण्यात सोडायचं, शेजारी भाताचा कुकर. पण चौघांना दोन पाकिटं लागतात आणि तेवढ्या पैशांत आमचा वाणी किलोभर राजमा देतो. एकट्या माणसाला परवडतं, कुटुंबाला नाही.

ऐरोली : आईला बीपी, म्हणून पाकिटामागचं सोडियम वाचते. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. आकडा १०० ग्रॅमचा असतो, पाकीट जवळजवळ ३०० चं. तिथेच गफलत होते.

नौपाडा : ‘त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतात’ हे सरसकट खरं नाही हो. पाऊच सील करून साधारण १२१ अंश सेल्सिअसला तापवतात, म्हणून पदार्थ टिकतो. चवीचं विचाराल तर डाळी बऱ्या, पालेभाजीचा पार लगदा.

कोपरखैरणे, पीजी : इथे शेगडीला बंदी. किटलीतलं पाणी, कपातले पोहे, वर लिंबू. घरच्या जेवणाच्या गप्पा मला सांगू नका.

घणसोली : आमचा तिसरा मार्ग. रविवारी कांदा-खोबऱ्याचं वाटण करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. मटार सासरे सोलतात, बातम्या बघत (निम्मे तोंडात जातात). रात्री शिजवलेल्या मसुरात दोन ठोकळे टाकले की आमटी तयार. पोळ्या मात्र पोळीभाजी केंद्रातून. पहिल्या दिवशी सासूबाईंनी पोळी दोन बोटांत धरून ट्यूबलाइटसमोर नेली, ‘कडा जाड आहेत’ म्हणाल्या आणि तीन खाल्ल्या. खरा वेळ चिरण्यात, वाटण्यात आणि ओटा आवरण्यात जातो. फोडणीला कितीसा लागतो?

नौपाडा : घणसोली, खोबरं ओलं की सुकं?

घणसोली : सुकं, खरपूस भाजून. ओल्याचं वाटण करते, पण ते दोन दिवसांत संपवते. आणि ट्रेला झाकण हवंच, नाहीतर आइस्क्रीमला लसणाचा वास लागतो.